डाव्या कुशीवरची साखर

साखर चढत नाही म्हणून कासावीस झालेला मधुमेही अख्ख्या नेरूळमध्ये आजवर एकच झाला, आणि तो म्हणजे श्यामसुंदर टिपणीस. बाकी सगळ्यांचं दुःख उलटं. सकाळी ज्वेल नावाच्या बागेतल्या तळ्याभोवती फेऱ्या मारणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, तो धापा टाकत सांगेल, "काय करू हो, उतरतच नाही." टिपणिसांची चढत नव्हती. ती चढावी म्हणून या गृहस्थांनी जेवढा खटाटोप केला, तेवढा ती उतरावी म्हणून कुणी केला असता तर सोसायटीने शाल-नारळ देऊन सत्कार केला असता.

टिपणीस महाप्याच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचे. एकतीस वर्षं तपासले. काटा केसभर इकडेतिकडे दिसला तर अख्खा लॉट परत, मग समोर मालक उभा असो की मालकाचा मेव्हणा. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मालक म्हणाला होता, "टिपणीस साहेबांनी खोटं रीडिंग कधी चालू दिलं नाही." हे म्हणताना मालकाच्या चेहऱ्यावर आनंद होता की सुटकेचा निःश्वास, हे टिपणिसांना नीट दिसलं नाही. पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं. माणसाला आयुष्यात एवढं एक वाक्य मिळालं तरी पुष्कळ झालं.

त्यांची मुलगी जाई मेलबर्नला. तिला बाळ होणार म्हणून मीनाताई गेल्या ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी तिकडे निघाल्या. निघण्याआधी दोन महिने जाईने वडिलांसाठी सेन्सर मागवला. दोन रुपयांच्या नाण्याएवढी पांढरी चकती, डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. ती दिवसरात्र साखर मोजते, मोबाइलवर आकडा देते, त्याची रेघ काढते, आणि ती रेघ जाईला आणि मीनाताईंना तिकडे जशीच्या तशी दिसते. साखर सत्तरच्या खाली गेली किंवा अडीचशेच्या वर गेली की तिघांचेही मोबाइल बोंबलतात. चौदा दिवसांनी चकती काढायची, नवी लावायची. टिपणिसांना हे यंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं. आपलं शरीरही शेवटी तपासणीला आलं, असं त्यांना वाटलं.

"तुम्ही का नाही गेलात बरोबर?" हा प्रश्न लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस विचारायचा. त्याचं उत्तर लिफ्ट नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत संपत नसे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. पासपोर्ट संपला होता. नव्यासाठी हवालदार पत्त्याची खातरजमा करायला आला, तेव्हा टिपणीस जेवणानंतरची पंधरा मिनिटं चालायला गेले होते, कारण सेन्सर म्हणाला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा टिपणीस दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसले, तर तो आलाच नाही. कागदावर शेरा पडला, 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून येत नाही.' एकवीस वर्षं त्याच पत्त्यावर राहून एक तारखेला मेंटेनन्स भरणारा माणूस आढळून येत नाही! टिपणिसांनी हा शेरा इतका मनाला लावून घेतला की पुढे काही दिवस घरात शिरताना ते स्वतःच बेल वाजवायचे.

मीनाताई गेल्या. जाताना त्यांनी दोन माणसांना बजावून ठेवलं. एक, समोरच्या फ्लॅटमधली सुनयना. बँकेत नोकरी, सोसायटीच्या कमिटीवर, आणि कामाचा उरक असा की दुसऱ्याचंही काम करून मोकळी होते. तिच्याकडे घराची किल्ली दिली. दुसरे, खालच्या मजल्यावरचे बाबासो. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पोती वाहिलेले, आता मुलाकडे आराम. मीनाताई दोघांना म्हणाल्या, "यांच्याकडे लक्ष ठेवा. लहान मुलासारखे आहेत." हे टिपणिसांच्या देखत म्हणाल्या. एकसष्टाव्या वर्षी.

पहिले दोन महिने तसे बरे गेले, म्हणजे मीनाताई नव्हत्या पण त्यांचे मेसेज होते. 'सव्वाचारला काय खाल्लंत?' 'पोळ्या तीन झाल्या ना?' 'खोटं बोलू नका, रेघ दिसतेय.' लग्नाच्या तेहेतीस वर्षांत आपण चार वाजता काय खाल्लं याची कुणी अशी दखल घेतली नव्हती. टिपणीस खूश. बायको खूश व्हावी म्हणून त्यांनी नेमाने खायला, चालायला सुरुवात केली. रेघ सरळ झाली. आणि रेघ सरळ झाल्यावर मेसेज बंद पडले! विचारण्यासारखं काही उरलंच नाही. नुसता अंगठा यायचा. टिपणीस त्या अंगठ्याकडे बघत बसायचे. संक्रांतीला अंगठा, राजगिऱ्याच्या वड्यांचा फोटो पाठवला त्यालाही अंगठा.

आता स्पष्टच सांगायचं तर त्यांना करमत नव्हतं. घरात पंखा कितीवर ठेवायचा यावर भांडायला माणूस नव्हतं. बातम्या लागल्या की निवेदिकेच्या साडीला नावं ठेवणारं कुणी नव्हतं. ते स्वतःच एकदा म्हणाले, "हा काय रंग आहे?" आणि मग गप्प झाले, कारण उत्तर आलं नाही. दुपारचा चहा ते दोन कप टाकायचे आणि दोन्ही स्वतः प्यायचे. बिनसाखरेचे, अर्थात. मीनाताईंची आठवण अशी एखाद्या वेळी येत नव्हती, ती मुक्कामालाच आली होती.

एकोणीस एप्रिलचं परतीचं तिकीट होतं, म्हणून दिवस ढकलत होते. तर फेब्रुवारीत एका रविवारी जाईचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर चार महिन्यांचं बाळ, शेजारी जावई केयूर, मागे मीनाताई कपडे घड्या करत होत्या.

"बाबा, पाळणाघरात जूनशिवाय जागा नाही," जाई म्हणाली. "आईचा व्हिसा वर्षाचा आहेच. तुमची शुगर काय मस्त आहे! आम्ही ठरवलंय, मार्चअखेरपर्यंत ती अशीच राहिली तर आई अजून तीन महिने थांबेल. बिघडली तर ठरल्याप्रमाणे येईल. चालेल ना?"

टिपणिसांच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण बाप म्हणून काही इभ्रत असते. "न चालायला काय झालं? थांबू दे की. माझं इथे उत्तम चाललंय," ते म्हणाले. त्यांनी मीनाताईंकडे पाहिलं. मीनाताई घडी करत होत्या ती उलगडून परत करायला लागल्या. "बघू या," एवढंच म्हणाल्या. "साखर काय म्हणते त्यावर ठरवू."

फोन ठेवला आणि टिपणीस खुर्चीत बसून राहिले. म्हणजे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको यावी म्हणून चांगलं वागलो आणि चांगलं वागलो म्हणून बायको येत नाही. मग त्यांनी निश्चय केला. साखर चढवायची. मात्र नियमात. गोळी चुकवायची नाही, ती लबाडी झाली. रीडिंगमध्ये ढवळाढवळ नाही. पण खाणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, आणि खाऊन जे रीडिंग येईल ते शंभर टक्के खरं असेल. एकतीस वर्षांच्या इतिहासाला बाध न आणता हे बसत होतं.

दुसऱ्याच दिवशी ते स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानात जाऊन पाव किलो जिलब्या बांधून घेत होते, इतक्यात मागून आवाज आला, "काका!"

सुनयना. बँकेतून लवकर सुटलेली. मधुमेही माणूस जिलबीच्या दुकानात दिसला की बँकांना नेमक्या लवकर सुट्ट्या होतात.

"पाहुणे येणारेत," टिपणीस म्हणाले.

"कोण?"

टिपणिसांना अख्ख्या खानदानातला एक पाहुणा आठवेना. सुनयनाने पुडा त्यांच्या हातातून अलगद घेतला. "असू द्या काका. होतं असं मनाला. काकूंना नाही सांगणार हं मी."

"नाही, सांगितलं तरी चालेल," टिपणीस काकुळतीने म्हणाले. पण ती पुडा घेऊन रिक्षात बसली होती. त्या संध्याकाळी तिच्या घरातून जिलबी खाल्ल्याचे आनंदी आवाज येत होते.

मग केळी. केळ्यांवर कुणी संशय घेत नाही. चार वेलची केळी त्यांनी खाली बागेच्या बाकापाशीच उभ्या उभ्या संपवली आणि विजयी मुद्रेने लिफ्टकडे आले, तर लिफ्टवर पाटी, 'देखभालीसाठी बंद.' नऊ मजले चढले. वर गेल्यावर कळलं की किल्ली बाकावर राहिली. नऊ मजले उतरले. परत नऊ चढले. घामाघूम होऊन मोबाइल पाहिला तर साखर एकशे अठरा. मोबाइल चढलेले मजलेही मोजून तिकडे कळवतो, त्यामुळे वर जाईचा मेसेज, 'बाबा, स्टेअर्स? यू आर अ रॉकस्टार!' बाबासोंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं? जिना म्हंजे अमृत हाय. उद्यापास्नं रोज माझ्यासंगट चढायचं, सायेब." आणि टिपणीस रोज चढायला लागले, कारण साताऱ्याचा माणूस पहाटे साडेपाचला दार वाजवतो तेव्हा त्याला नाही म्हणायला वेगळं काळीज लागतं.

या सगळ्यात एक आशेचा किरण आला. सोसायटीची वार्षिक सत्यनारायणाची पूजा. दरवर्षी एका मजल्यावरचं जोडपं पूजेला बसतं, यंदा नवव्या मजल्याची पाळी. आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. मुलीने प्रसाद टाकला तेव्हा साधुवाण्याच्या जावयाची नाव काय झाली, हे कथेत स्वच्छ सांगितलेलं आहे. शिवाय तो शिरा. सव्वा मापाचा. तूप, साखर, केळं. टिपणिसांनी ताबडतोब होकार कळवला.

पण कमिटीत तिढा पडला. नियमात 'जोडपं' असा शब्द होता. एक सदस्य म्हणाले, अर्धं जोडपं चालत नाही. दुसरे म्हणाले, बाईंचं ना हरकत पत्र व्हॉट्सअॅपवर मागवा. ते पत्र मागवावं लागलं. मीनाताईंनी 'माझी काही हरकत नाही, नीट बसा, पाठ दुखेल' असं लिहून पाठवलं आणि ते तसंच्या तसं कमिटीच्या ग्रुपवर गेलं. एकशे बारा घरांनी टिपणिसांच्या पाठीची चौकशी केली.

पूजेच्या दिवशी गुरुजींनी शेजारचा रिकामा पाट पाहिला. "सौभाग्यवती?"

"ऑस्ट्रेलियात."

"काही अडत नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढली, पाटावर चार अक्षता टाकल्या आणि ती सुपारी बायकोच्या जागी ठेवून दिली. शास्त्रात सोय आहेच. टिपणिसांनी त्या सुपारीकडे पाहिलं. बारीक, एका बाजूने चेपलेली. तेहेतीस वर्षांचा संसार आणि त्याच्या जागी ही! त्यांना एकदम एवढं भरून आलं की संकल्प सोडताना पाणी ताम्हनात पडायच्या ऐवजी गुरुजींच्या गुडघ्यावर पडलं. "सावकाश," गुरुजी म्हणाले. मग पूजाभर टिपणिसांचा हात अधूनमधून त्या पाटाला लागत होता. कुणी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्यांनी सतरंजी सरळ करत होतो म्हणून सांगितलं असतं.

आरती झाली आणि द्रोण वाटायला सुरुवात झाली. टिपणिसांनी हात पुढे केला. सुनयना डबा घेऊन धावत आली. "काका, थांबा! तुमच्यासाठी वेगळा केलाय. साखर नाही, ती गोड पानांची पूड घातलीय, रवा पण निवडून जाडा घेतलाय. आणि नैवेद्य दाखवलाय याचा, त्यामुळे प्रसादच झाला की नाही गुरुजी?"

"झाला, झाला," गुरुजी म्हणाले.

धर्माची वाट अशी बंद झाली. साखर एकशे छत्तीस. अंगठा.

मार्चचा तिसरा आठवडा उजाडला. आता मात्र टिपणिसांनी लाजबीज सोडली. रविवारी दुपारी त्यांनी मोबाइलवरून अर्धा किलो केशर श्रीखंड आणि पुऱ्या मागवल्या. दहा मिनिटांत आल्या. सुनयनाकडे किल्ली आहे म्हणून त्यांनी दाराला आतून कडी घातली. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. आणि मग बसले. पहिली चार बोटं श्रीखंड जिभेवर टेकवल्यावर त्यांना जो आनंद झाला, त्यात श्रीखंडाचा वाटा निम्माच होता. पाच पुऱ्या झाल्या, सात झाल्या. उठून मोबाइल पाहिला. एकशे अठ्ठ्याऐंशी! थोड्या वेळाने दोनशे चौदा, शेजारी वर जाणारा बाण! टिपणिसांनी त्या बाणाला मनोमन नमस्कार केला. ये बाई आता. तुझ्या नवऱ्याचं बिघडलं एकदाचं.

मग ते आत जाऊन पंखा पाचवर करून आडवे झाले. डाव्या कुशीवर. जेवल्यावर वामकुक्षी घ्यायची ती डाव्या कुशीवरच, हे त्यांच्या वडिलांनी मुंजीच्या वयात शिकवलं होतं, आणि पन्नासेक वर्षांत ती शिस्त मोडली नव्हती. मधल्या काळात कारखाना होता तेव्हा रविवारीच जमायचं, पण जमायचं तेव्हा डावीच कूस. एरवी हल्ली ते खुर्चीतच डुलकी काढायचे, पलंगावरचा मीनाताईंचा रिकामा भाग बघवत नाही म्हणून. त्या दिवशी मात्र बायको येणार या समाधानात पलंगावर आडवे झाले आणि श्रीखंडाने त्यांना जी झोप लागली, तिला गाढ हा शब्द अपुरा आहे. दंडावरची चकती अंगाखाली गेली हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढची अर्धी गोष्ट त्यांना नंतर कळली. मेलबर्नला रात्रीचे आठ वाजले होते. मीनाताई बाळाला पावडर लावत होत्या. मोबाइल बोंबलला. रेघ एकशे दहा, ब्याऐंशी अशी घसरत चोपन्नवर आली होती. जाईने बाबांना फोन लावला. नऊ वेळा. मग सुनयनाला. सुनयना किल्ली घेऊन धावली, तर आतून कडी. तिने जिन्यातून हाक मारली, "बाबासो!" बाबासो आले, त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, "सरका," म्हणाले, आणि तीस वर्षं पोती पेललेला खांदा दाराला लावला. कडी कोयंड्यासकट आत पडली.

टिपणीस शांत झोपले होते. ओठांच्या कोपऱ्यातून पिवळट पांढरं काहीतरी गालावर आलं होतं.

"फेस आलाय!" सुनयना किंचाळली.

"साखर आना, साखर!" बाबासो ओरडले. घरात साखरेचा कण नव्हता, मीनाताईंनी जातानाच काढून टाकली होती. सुनयना आपल्या घरून डबा घेऊन आली, तांब्याभर पाण्यात सहा चमचे ढवळले, बाबासोंनी टिपणिसांना बसतं केलं आणि ते दचकून डोळे उघडतात न उघडतात तोच भांडं तोंडाला लावलं. टिपणिसांचा जीव गुदमरला, शर्ट भिजला, आणि त्या सगळ्या गदारोळात त्यांना वीतभर अंतरावर मीनाताईंचा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. सुनयनाने व्हिडिओ कॉल समोर धरला होता, पण झोपेतून उठलेल्या माणसाला मोबाइल दिसला नाही, बायको दिसली.

"आलीस?" टिपणीस म्हणाले.

मागून जाई रडत म्हणाली, "बाबा, आई येतेय. पुढच्या शनिवारचं तिकीट बघते. आम्ही तुम्हाला एकटं ठेवायलाच नको होतं."

इकडे टिपणीस उठून बसल्यामुळे आकडा भराभर चढला. "बघा! माझ्या साखरंच्या पान्याचा गुन," बाबासो म्हणाले, आणि हे त्यांनी त्या संध्याकाळी तिन्ही विंगमध्ये सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते टिपणिसांना डॉक्टर संघप्रियांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बोटातलं रक्त तपासलं, मोबाइलवरची रेघ पुढेमागे करून पाहिली आणि चष्म्यावरून विचारलं, "दुपारी कुठल्या कुशीवर झोपला होता?"

"डाव्या. वामकुक्षी."

"आणि सेन्सर डाव्या दंडाला." डॉक्टर हसल्या. "अहो, दंड अंगाखाली दाबला गेला की तिथल्या कातडीखालचं पाणी खेळत नाही, मग आकडा खोटा पडतो. तुमची साखर पडलीच नव्हती. उलट चांगली अडीचशेच्या घरात असणार. काय खाल्लं होतं?"

"श्रीखंड," टिपणीस म्हणाले.

"मग तुम्हाला फक्त श्रीखंड झालं होतं. घरी सांगून टाका, काळजीत असतील. आणि पुन्हा असं खाऊ नका."

टिपणीस दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले. प्रेशर गेज तपासण्यात हयात गेलेला माणूस, आणि स्वतःच्याच गेजवर झोपून खोटं रीडिंग दिलं! त्यांचा चेहरा बघून बाबासो म्हणाले, "गप बसा की, सायेब. वैनी येत्यात न्हवं? मग? डाक्टरीन कुनाला सांगाय जातीया, आन् म्या तर काय ऐकलंच न्हाई."

दोन दिवस टिपणीस गप्प बसले. सुतार बोलावून कडी बसवली. मीनाताईंची उशी गच्चीत उन्हात टाकली. कोथिंबीर आणली, सुकली, परत आणली. शनिवारला चार दिवस राहिले. आनंद तर होत होता, पण घास गिळताना कुठेतरी खडा लागत होता.

तिसऱ्या दिवशी जाईचा फोन आला. आवाज थकलेला. "बाबा, मी ऑफिसात बोलले. बिनपगारी रजा देत नाहीयेत. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी नोकरी सोडतेय. उद्या मेल टाकते. तुमच्यापुढे नोकरी काय मोठी?"

झालं. एकतीस वर्षं परत पाठवलेले सगळे लॉट टिपणिसांच्या डोळ्यांपुढे येऊन उभे राहिले. "मेल टाकू नकोस," ते म्हणाले. "आईला बोलाव. स्पीकर लाव." आणि त्यांनी सगळं सांगितलं. श्रीखंड, कडी, डावी कूस, कातडीखालचं पाणी. "चोपन्न खोटं होतं. माझी साखर चांगली आहे. मला काहीही झालेलं नाही."

"अरे देवा!" जाई हसत रडायला लागली. "म्हणजे आई थांबू शकते! थांबा हं, हा उठला वाटतं, आलेच." ती बाळाला घ्यायला आत पळाली.

पडद्यावर मीनाताई एकट्या उरल्या. शाबासकी मिळेल म्हणून टिपणीस वाट पाहत होते. मीनाताईंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सांगायला कशाला गेलात?"

"अं?"

"काय गरज होती हो हरिश्चंद्र व्हायची? बॅग भरली होती मी! रोज पहाटे उठून आधी तुमची रेघ बघते, आज तरी चढली का, आज तरी चढली का. तर एकशे अठरा! एकशे छत्तीस! एरवी तीस वर्षं पथ्य पाळा म्हणून घसा कोरडा केला तेव्हा नाही पाळलंत. मीच मूर्ख, सगळ्यांना बजावून आले."

"अगं, मग म्हणायचं ना, येते म्हणून."

"कसं म्हणू? पोरीच्या कडेवर तान्हं मूल, दारात पाळणाघर नाही. आईने कोणत्या तोंडाने म्हणायचं, मला तुझ्याकडे नको, घरी जायचंय? तुमची साखर चढली असती तर काही बोलावं लागलं नसतं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तुम्ही तरी कुठे म्हणालात? न चालायला काय झालं, म्हणे. उत्तम चाललंय, म्हणे."

टिपणिसांनी घसा खाकरला. "काही उत्तम चाललेलं नाही," ते म्हणाले. "मला तुझ्याशिवाय राहवत नाही मीना. तू ये."

तेहेतीस वर्षांत हे वाक्य त्या संसारात प्रथमच उच्चारलं गेलं. मीनाताईंनी मान वळवून मोठ्याने हाक मारली, "जाई! इकडे ये. बाबांना काहीतरी सांगायचंय." आणि टिपणिसांना म्हणाल्या, "सांगा. मला सांगितलंत तस्संच सांगा."

जाई बाळाला खांद्यावर घेऊन आली. टिपणीस खुर्चीतून उठून उभे राहिले. "जाई, एकोणीस एप्रिलचं तिकीट बदलू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे. साखरेचा काही संबंध नाही. मला तुझी आई इथे हवी आहे."

जाईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मला पण हवीय ना ती, बाबा," ती म्हणाली. एवढी एकतीस वर्षांची बाई, पण आवाज शाळेच्या फाटकाशी रडणाऱ्या मुलीचा आला.

"माहितेय गं राणी. पण तुझी एकतीस वर्षं, माझी तेहेतीस. मी सीनियर आहे."

जाई रडता रडता फिसकन हसली. तेवढ्यात मीनाताई मध्येच म्हणाल्या, "मला कुणी विचारणार आहे का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. फेब्रुवारीपासून आकडे विचारले, रेघा विचारल्या.

"तुला काय हवंय, आई?" जाईने विचारलं.

मीनाताईंनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला घरी जायचंय," त्या म्हणाल्या.

"हो गं आई. जा," जाई म्हणाली. "तेवढे दिवस केयूर रजा काढेल."

पडद्याबाहेरून केयूरचा आवाज आला, "मी?"

पण त्याला उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. इकडे एक आणि तिकडे दोन, तिघंही रडत होती.